इस्तरबाई

त्यांचं खरं नाव एस्तेर वानखडे. पण बोरी अरबला ते नाव कुणाच्या जिभेवर नीट बसलं नाही. गावानं त्यांना इस्तरबाई केलं आणि त्यांनी ते आनंदानं घेतलं. मी तिथं नवी होते तेव्हा आमच्या शाळेच्या शिपाईणीनं मला सांगितलं होतं, बाईंचं पांढरं पातळ कायम इस्तरीचं असतं ना, म्हणून इस्तरबाई. मी बरेच दिवस ते खरंच मानलं. पुढं कधीतरी त्यांच्या लोखंडी पेटीवर रंगवलेलं नाव वाचलं आणि चूक कळली. बाईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "मी त जन्मात इस्तरी हाती नाई धरली व. पातळ घडी करून उशाखाली ठेवलं, का झालं."

बोरीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. डॉक्टर दारव्ह्याहून अधूनमधून येत. एरवी दवाखाना म्हणजे बाई आणि एक कंपाउंडर. आसपासच्या गावांतली अडलेली बाळंतपणं त्यांच्याच हातची. मी अमरावतीहून मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन आले, वयानं लहान आणि एकटी. एकट्या बाईला खोली कोण देणार? शेवटी एका दुकानदारानं आपल्या गोदामामागच्या दोन खोल्यांपैकी एक दिली. दुसरीत बाई राहत. ओटा एक, न्हाणी एक, आणि मधली भिंत कौलांपर्यंत पोचलेलीच नव्हती. इकडं सुस्कारा सोडला तर तिकडं ऐकू जायचा.

त्या भिंतीवरून बाई मला आधी आवाजानं कळल्या. पहाटे उठून त्या मोठ्यानं प्रार्थना करीत. माणसांशी त्या चारचौघांसारखं वऱ्हाडी बोलत, देवाशी मात्र अगदी पुस्तकी. आईबाप तापाच्या साथीत गेले म्हणून मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेल्या. देवाशी बोलायची भाषा तिथं त्यांना तशीच शिकवली होती. सुरुवात मोठ्या गंभीर शब्दांनी व्हायची आणि मग एकेक माणूस यायचं. अमकीला दूध येत नाही. तमक्याच्या पायाची जखम भरत नाही, तो मलम लावत नाही, त्याला सद्बुद्धी दे. एका सकाळी मला माझंच नाव ऐकू आलं. "आणि शेजारच्या कुसुमचा सांभाळ कर. ती आईच्या आठवणीने रडते. शिवाय तिच्या भाकरी कच्च्या राहतात."

त्याच संध्याकाळी बाई स्वतःचा तवा घेऊन माझ्या दारात उभ्या. मी म्हटलं, देवानं तुमचं फारच लवकर ऐकलेलं दिसतं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या, "पन तो म्हने, तूच जाय."

बाई भित्र्या होत्या. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढं जे घडलं ते ऐकून लोकांना वाटतं की त्या कुणी मोठ्या धिटाईच्या बाई असतील. त्या पालीला भीत. नदीच्या पाण्याला भीत. पावसाळ्यात बैलगाडीतून पलीकडं जायचं झालं तर डोळे गच्च मिटून बसत आणि गाडी काठाला लागेपर्यंत उघडत नसत. खाकी कपड्यांना तर इतक्या भीत की पोस्टमन आला तरी आधी दाराआडून बघत. घाबरल्या की त्यांचे हात गार पडत आणि जो जवळ असेल त्याचं मनगट त्या घट्ट धरत. माझं मनगट त्यांनी कितीदा धरलं असेल! पण बोलावणं आलं की पेटी उचलायच्या. भीती जायची वाट बघत बसायची त्यांना सवय नव्हती. ती बरोबर घेऊनच त्या निघत.

त्यांच्या काही गोष्टी गावाला अंगवळणी पडल्या होत्या. मुलगा झाला की घरचे लोक खुशीनं लुगडं, नारळ, पेढे घेऊन येत. बाई विचारत, "मागं पोरगी झाली तवा काय देल्लं होतं?" काही दिलेलं नसायचंच. "मंग आताबी तेच द्या," म्हणत आणि हसत आत जात. कुणाला राग येईल असं त्या बोलत नसत, पण एका शब्दानं मागंही सरत नसत. एका शेतकऱ्यानं मात्र तिसऱ्या मुलीच्या वेळी हट्टानं नारळ आणून दिला. तो बाईंनी दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्या आळीत त्याचं खोबरं वाटलं.

देवीच्या जत्रेची वर्गणी मागायला दरवर्षी मंडळी येत. गावातली प्रतिष्ठित माणसं, नाही म्हणणं जड. त्यातल्या एकानं एकदा समजुतीनं सांगितलं की बाई, पूजेसाठी चार पैसे टाकले तर तुमच्या देवाला कुठं दिसतं? बाई म्हणाल्या, त्याला न दिसलं तरी मला दिसतं ना. पण एवढ्यावर सोडलं नाही. जत्रेचे सगळे दिवस त्या झाडाखाली रांजण मांडून बसल्या, पाणी पाजलं, हरवलेली लेकरं सांभाळली, कुणाचा अंगठा ठेचला तर बांधला. पुढच्या वर्षापासून वर्गणीवाले त्यांच्या दारी आले की आधीच विचारत, "बाई, रांजन कोठी ठेवाचे?"

माझी आई एकदा महिनाभर माझ्याकडं राहायला आली. सोवळ्याओवळ्याची. शेजारी ख्रिस्ती बाई राहते हे कळल्यावर तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना काही सांगायची गरज पडली नाही. भिंत अपुरी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी परसातली पपई पाठवली, अख्खी, न चिरता. पाठोपाठ लिंबं, सीताफळं, शेवग्याच्या शेंगा. ज्याला त्यांच्या घरचं पाणी लागलेलं नाही असंच सगळं. त्यात लाचारी नव्हती आणि टोमणाही नव्हता. आईनं शेवटपर्यंत त्यांच्या घरचं पाणी प्यायलं नाही. पण परत गेल्यावर तिनं जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली, चांगली जाड, आणि सुट्टीत मी घरी गेले तेव्हा माझ्याबरोबर पाठवली. "त्या बाई थंडीच्या दिवसांत रात्रीबेरात्री गाडीनं जातात," एवढंच म्हणाली. ती गोधडी बाईंच्या गाडीत मी कायम पाहिली.

आता मुख्य गोष्ट सांगते.

नदीपलीकडं एक गाव होतं. त्याचं नाव घेत नाही. त्या माणसांची लेकरं-नातवंडं आज तिथं एकमेकांशेजारी नांदताहेत. त्या गावच्या एका वस्तीनं बुद्धधम्म स्वीकारला होता. घरातले जुने देव त्यांनी नदीत सोडले आणि मेलेली गुरं ओढायचं काम बंद केलं. गावाला ते रुचलं नाही. वस्तीला मजुरी मिळेना, वाण्याकडं मीठमिरची मिळेना. गावची दाई वस्तीत जायची बंद झाली. बाई मात्र जात राहिल्या. कंपाउंडरनं त्यांना सावध केलं तेव्हा म्हणाल्या, पोटातल्या लेकराला हे भांडण कोणी सांगितलेलं नाही, ते त्याच्या वेळेलाच येणार.

गावचे देवराव पाटील म्हणजे दुष्ट माणूस नव्हे. कापसाची मोठी शेती, शब्दाला वजन. बोरीच्या दवाखान्यातली बाकं त्यांनीच करून दिलेली. गोरगरीब रोग्यांसाठी हंगामाला तुरीचं एक पोतं त्यांच्याकडून न मागता यायचं. त्यांच्या सुनांची बाळंतपणं बाईंनी केलेली, त्यांच्या बायकोच्या पायाला न भरणारी जखम होती ती बाईच धुऊन बांधत. बाईंना ते मान देत आणि बाईही त्यांना मानत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी पाटलांची कडब्याची गंजी पेटली. वारा होता. आग गोठ्याला लागली आणि दावणीची बैलजोडी होरपळून गेली. पाटलांनी ती जोडी वासरं असल्यापासून वाढवली होती. म्हातारा माणूस राखेत बसून रडला म्हणतात. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी वस्तीतल्या किसनला धरून नेलं. पाटलांच्या सालदारानं, म्हणजे सालभर घरी राबणाऱ्या गड्यानं, त्याला धावताना पाहिलं होतं. किसन तरणा होता, मजुरीवरून गावाशी तोंडावर भांडलेला. सगळ्यांना ते पटलं.

पटलं नाही फक्त बाईंना, कारण ती सगळी दुपार त्या किसनच्याच घरी होत्या. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण, अडलेलं. मदतीला दाई नाही, म्हणून अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवायला किसनलाच बसवलेला. धूर दिसला तेव्हा तो त्यांच्या नजरेसमोर होता.

हे सांगायला त्या आपणहून पोलीस ठाण्यात गेल्या. मी बरोबर होते. माझ्या मनगटावर त्यांची बोटं उमटली. तिथल्या जमादारानं ऐकून घेतलं आणि साहेब आले की बोलावतो म्हणाला. कोणी बोलावलं नाही. पण किसनच्या माणसांनी दारव्ह्यात एक तरुण वकील धरला होता, त्यानं बाईंना साक्षीला घातलं. आणि मग एकेक जण येऊ लागला.

आधी पाटील स्वतः आले. दिवेलागणीला ओट्यावर बसले. मी आत होते, सगळं ऐकू येत होतं. आवाज चढवला नाही त्यांनी.

"बाई, मी तुमाले खोटं बोलाले सांगत नाई. फक्त आठवत नाई म्हना. येवढी बाळंतपनं करता तुमी. कोन्या दिवशी कोन कोठी बसलं होतं, हे कोनाच्या ध्यानात राह्यते?"

बाई म्हणाल्या, "पन माह्या ध्यानात हाय जी."

"तुमीबी त्यायच्यातल्याच. म्हनून तुमाले त्यायचा पुळका."

"हो जी, माहा बाप त्यायच्यातलाच होता." आवाजात राग नव्हता. "तुमच्या बैलायसाठी मी रडली, पाटील. तवा कोनी नाई इचारलं, मी कोनातली."

पाटील म्हणाले, "मंग म्हना आठवत नाई. कोनाचं काय जाते?"

"माह्या देवाले माहा आवाज ओळखू येते जी. मी लबाड बोलली, त त्याले वाटन, हे कोन बाई बोलून राह्यली. मंग सकाळी उठून मी कोनाशी बोलू?"

पाटील उठले. जाताना त्यांनी रामराम केला, तेवढा नेम त्यांनी पाळला.

नंतर पाळकसाहेब आले. बोरीत ख्रिस्ती मंडळी म्हणजे चार माणसं: बाई, सडकेवरचा एक मिस्त्री, त्याची बायको आणि एक म्हातारा चौकीदार. त्यांच्यासाठी पाळकसाहेब दारव्ह्याहून महिन्यातून एकदा सायकल मारत येत आणि आमच्या ओट्यावर उपासना होई. भला माणूस. बाईंना त्यांच्याबद्दल फार आदर, त्यांच्यापुढं त्या कधी उलट बोलत नसत. ते कळकळीनं सांगत होते की इथं आपण मूठभर आहोत. लोकांचा रोख उद्या आपल्यावर फिरेल, ख्रिस्ती माणसं वस्तीला भडकवतात असं म्हणतील. सत्य मनात ठेवावं, प्रार्थना करावी. प्रत्येक सत्य चावडीवर मांडलंच पाहिजे असं नाही.

बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मंग पाळकसाहेब, तुमी हेच प्रार्थनेत मांगा. म्हना, देवा, इस्तरले गप बसू दे. तुमी मांगलं, त मी बसन गप."

पाळकसाहेबांनी हात जोडले, डोळे मिटले. शेवटी त्यांनी प्रार्थना केली ती एवढीच, की आमच्या बहिणीला कोर्टात उभं राहायचं बळ दे. सायकलवर बसताना त्यांचे डोळे ओले होते.

मला वाटलं, संपलं. खरी कसोटी पुढंच होती. साक्षीच्या आदल्या दिवशी किसनचा वकील आला, बरोबर किसनची आई. वकिलानं बाईंकडून सगळं वदवून घेतलं. धूर दिसल्यावर किसन चुलीवरून उठून धावला होता, अंगणाबाहेरच्या कडुलिंबापर्यंत गेला होता, मग बाईंनी हाक मारली म्हणून परत आला. वकील म्हणाला, हे धावणं तेवढं गाळा. सालदारानं धावतानाच पाहिलंय म्हणे, तुम्हीही तेच बोललात तर पोरगा गेला. तो चुलीपाशी बसून होता, एवढंच सांगा. ते खरंच आहे.

म्हातारीनं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, तेवढं नको सांगू."

बाई खाली बसल्या. तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. पाटलांपुढं, पाळकसाहेबांपुढं त्या डगमगल्या नव्हत्या. आता मात्र त्यांचा हात माझं मनगट शोधत होता. मलाही मनातून वाटत होतं, एवढं एक गाळलं तर काय बिघडतं? बाई म्हणाल्या, "काकी, तुह्या पोरासाठी मी अर्धं सांगतलं, त पाटलासाठी सांगाले काय हरकत होती?"

म्हातारी रडत रडत वकिलाच्या मागं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भिंतीपलीकडची प्रार्थना ऐकली. एकही पुस्तकी शब्द नव्हता. "बापा, मले भेव लागून राह्यलं. लई भेव लागून राह्यलं, बापा." एवढंच, पुन्हा पुन्हा.

दारव्ह्याच्या कोर्टात गर्दी होती. खाकी कपड्यांतल्या शिपायानं नावाचा पुकारा केला तेव्हा बाईंनी माझं मनगट सोडलं आणि पुढं गेल्या. सुरुवातीला आवाज इतका बारीक की मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. मग हळूहळू तो सापडला. बाळंतपण सांगितलं, चूल सांगितली, किसनच्या पायावर आधण सांडलं त्याला मलम लावल्याचं सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं, म्हणजे तो जागचा हललाच नाही? आमचा वकील मान खाली घालून बसला होता.

"हालला जी," बाई म्हणाल्या. "धूर दिसला, तसा फुकनी टाकून धावला. कडुलिंबापाशी गेला. म्हने, बाई, कोनाची तरी गंजी पेटली, मी इझवाले जातो. मीच आवाज देल्ला. म्हन्लं, लेकराचं डोकं दिसून राह्यलं, मले पानी पाह्यजे, वापस ये. तो वापस आला. मी नसतं बलावलं, त तो आगीवर पानी मारत असता."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सालदाराला पुन्हा उभं केलं आणि विचारलं, तू पाहिलास तेव्हा हा कुठं धावत होता, आगीकडं की आगीपासून दूर? सालदार साधा माणूस. तो म्हणाला, आगीकडंच. कडुलिंबापाशी दिसला, मग मी बैल सोडायला पळालो. तो धावताना दिसला का, एवढंच पोलिसांनी मला विचारलं, मी हो म्हटलं.

पाटील मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि बाहेर निघून गेले.

निकालाला काही दिवस लागले. किसन सुटला. गंजीला आग कशी लागली ते कधीच कळलं नाही. कुणी म्हणे विडी, कुणी म्हणे चुलीची ठिणगी. वकील नंतर भेटला तेव्हा हसत म्हणाला, बाई, त्या दिवशी तुम्ही मला मारलंच होतं. साक्षीच्या दिवशी मात्र बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. साक्ष देऊन बाहेर आल्या तेव्हा किसन सुटेल की बुडेल हे त्यांना कळत नव्हतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. स्टँडवरच्या हॉटेलात त्यांनी भजी मागवली, माझीही प्लेट संपवली आणि परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या.

बरं झालं, असं म्हणून गोष्ट संपत नाही. मोठ्या घरांतल्या बायका दवाखान्यात यायच्या बंद झाल्या. आमच्या घरमालकाचं दुकान पाटलांच्या आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या गिऱ्हाइकीवर. त्यानं फार अवघडून सांगितलं की बाईंची खोली माल ठेवायला लागेल. बाई दवाखान्यामागच्या कोठीत राहायला गेल्या. त्या कोठीत पाली इतक्या, की पहिले काही दिवस त्या छत्री उघडून खाटेवर बसत. मी माझ्या खोलीत चला म्हटलं तर म्हणाल्या, नको, तुझीही जाईल.

पावसाळ्याआधीच्या एका बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, दवाखान्यासमोर एक छकडा येऊन थांबला. पाटलीणबाई उतरल्या. लंगडत पायऱ्या चढल्या आणि ओसरीतल्या बाकावर, सगळ्या बाजाराला दिसेल अशा बसल्या. पाय पुढं केला. जखम चिघळली होती. बाईंनी घमेल्यात पाणी घेतलं, खाली बसून पाय धुतला, पट्टी बांधली. दोघी फारसं बोलल्या नाहीत. पाटलीणबाई मध्येच मोठ्यानं म्हणाल्या, "हळू व बाई, दुखते." आणि मग आवाज उतरवून, "हे रागावले हायत. मी नाई."

छकडा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा ठेवला त्यांनी. पुढच्या बाजारी आणखी दोघी आल्या. मग हळूहळू सगळ्याच. देवराव पाटील स्वतः मात्र त्या पायऱ्या पुन्हा चढले नाहीत. बाई येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची खुशाली विचारत, आणि सकाळच्या प्रार्थनेत त्यांच्या नव्या बैलजोडीलाही जागा होती, हे मला बाईंनीच सांगितलं.

वर्षाच्या आतच बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उमरखेडला. लोक त्यावर बरंच काही बोलले. बाई म्हणाल्या, "तठीबी बाया बाळंत होतच असतीन न?" निघाल्या त्या दिवशी किसननं त्यांची पेटी गाडीच्या टपावर चढवली. त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती.

मग माझं लग्न झालं, मी यवतमाळला आले. बाईंची ख्यालीखुशाली कुणाकुणाकडून कळायची. पाचसहा वर्षांनी शाळेच्या कामानं उमरखेडला जाणं झालं, तेव्हा त्यांना शोधत गेले. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, पातळ तसंच कडक. एक रात्र राहिले. किती बोललो आम्ही! सकाळी त्या मला सोडायला एसटी स्टँडवर आल्या. त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं.

गाडी बहुतेक भरली होती. खिडकीपाशी मी, खाली बाई. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पोरगी. कंडक्टर आला. इतक्या लहान लेकराला तिकीट पडत नाही, असं ती म्हणाली. पोरगी काही इतकी लहान दिसत नव्हती. कंडक्टर हसला. तेवढ्यात त्या बाईची नजर खाली गेली आणि तिला आधार सापडल्यासारखं झालं. ती म्हणाली, इस्तरबाईलाच विचारा, त्यांच्याच हातची आहे.

उमरखेडलाही त्या इस्तरबाईच झाल्या होत्या.

कंडक्टरनं खिडकीतून वाकून विचारलं. सगळी गाडी बाईंकडं बघायला लागली. बाईंनी आधी त्या आईकडं पाहिलं, मग पोरीकडं. त्यांच्या चेहऱ्यावर जी अडचण दिसली ती पाहून मला हसू आवरेना. "मांगच्या पोळ्याले पाच पुरे झाले," त्या हळूच म्हणाल्या आणि लगेच कमरेची चंची सोडून अर्ध्या तिकिटाचे पैसे त्यांनी खिडकीतून वर केले. आईनं कपाळाला हात लावला. "बाई, तुमी त बापा," म्हणाली, पण हसत होती.

कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि गमतीनं ते पोरीच्याच हातात दिलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तिकीट धरलं असावं. आधी ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग आईच्या मांडीवरून उतरली आणि माझ्या शेजारी, मधल्या मोकळ्या जागेत, मोठ्या माणसासारखी ताठ बसली. गाडी सुरू झाली तसं तिनं माझ्यावरून ओणवं होऊन ते तिकीट खिडकीबाहेर धरलं, बाईंना दिसावं म्हणून.

खाली धुळीत उभ्या असलेल्या इस्तरबाईंनी ते पाहिलं. पदर सारखा केला आणि एखाद्या मोठ्या प्रवाशाला निरोप द्यावा तसा तिला, दोन्ही हात जोडून, वाकून नमस्कार केला.